सांडेवाल्या काकू

शुगर लँडच्या मराठी मंडळींत पालीला सर्वांत जास्त कोण घाबरतं, असं विचारलं तर एकमताने सांडेवाल्या काकूंचं नाव निघे. गॅरेजच्या दारावर बोटभर पाल दिसली तरी त्या गाडीतून उतरत नसत. काकांना फोन करून बाहेर बोलावत. आणि कुणाच्या घरचा सरडा आजारी पडला तर फोन जायचा तो काकूंनाच.

याचं कारण बंड्या. बंड्या म्हणजे सांडा: वाळवंटातला, काटेरी शेपटीचा, हातभर लांब आणि पक्का शाकाहारी सरडा. काकूंच्या मुलाने, निखिलने, शाळेत असताना तो हट्टाने आणला आणि कॉलेजला जाताना मागे ठेवला. "डॉर्ममध्ये अलाउड नाही, आई." त्यानंतर सात वर्षं काकूंनी त्याला सांभाळलं, पण उघड्या हाताने एकदाही शिवल्या नाहीत. उचलायचाच झाला तर ओव्हनचे जाड हातमोजे घालून, मान दुसरीकडे वळवून. "आवडायला कशाला पाहिजे? घरात आहे म्हणजे जेवायला घालायचं," असं त्यांचं म्हणणं.

स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात त्या बंड्याच्या दगडाचं तापमान लिहीत. खाली एकच शब्द: 'खाल्लं' किंवा 'रुसला'. संकष्टी आणि एकादशी त्याखाली झाकून जात.

आमच्या घरी सांडा आला तो गाव सोडून निघालेल्या एका सहकाऱ्याकडून. रंग झगझगीत पिवळा, म्हणून आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने, इराने, त्याचं नाव मँगो ठेवलं. दहा दिवसांत मँगो कोळशासारखा काळा पडला आणि त्याने खाणं सोडलं. जवळचे डॉक्टर फक्त कुत्री-मांजरं बघत. इंटरनेटवर तीन ठिकाणी तीन तापमानं लिहिलेली होती आणि प्रत्येकाखाली लोक भांडत होते. "इज ही डायिंग?" इराने जेवताना विचारलं. दुसऱ्या दिवशी काकूंचा नंबर मिळवला.

फोनवर त्यांनी नाव-गाव विचारलं नाही. "रंग कोणता?"

"ब्लॅक," इरा म्हणाली.

"काळा म्हणजे थंडी वाजतेय त्याला. पत्ता सांग, येते मी."

पाऊण तास गाडी चालवून त्या आल्या. हातात पिस्तुलासारखा दिसणारा थर्मामीटर होता. काचपेटीपासून सहा फुटांवर उभं राहून त्यांनी नेम धरला. आमचा थर्मामीटर पेटीच्या काचेला चिकटवलेला होता.

"काचेचं काय सांगता? तो बसतो त्या दगडाचं सांगा." दगड अठ्ठ्याऐंशी अंश फॅरनहाइट निघाला. "हा तर आपला जानेवारी झाला! याला नागपूरचा मे लागतो. दगड एकशेवीस पाहिजे." काकू नागपूरच्या, मे महिन्यावर त्यांचा अधिकार होता.

मग त्यांना पाण्याचं भांडं दिसलं. "एवढं पाणी काहून ठेवलं बाप्पा?"

भांडं मोठं होतं. शिवाय आम्ही दिवसातून दोनदा त्याच्या अंगावर पाणी शिंपडत होतो. मुका जीव, त्यात उन्हाळा, असं सांगितल्यावर काकू खुर्चीत बसून हसल्या. "पाहुण्याला आधी पाणी, ही आपली रीत. हा पाहुणा त्यानेच आजारी पडतो. पानांतून मिळतं त्याला तेवढं पुरतं. हवा कोरडी ठेवा."

भांडं निघालं, दिवा बदलला, दगड दिव्याच्या जवळ सरकला. जाताना काकूंनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका डॉक्टरचा नंबर फ्रिजवर लावला. दवाखाना दोन तासांवर होता. "चार दिवसांत खाल्लं नाही तर मला फोन नको, सरळ गाडी काढा. मी काही डॉक्टर नाही."

तिसऱ्या दिवशी मँगोच्या मानेमागे एक पिवळा ठिपका उमटला. चौथ्या दिवशी सकाळी त्याने मोहरीची पानं खाल्ली, वर थोडी कोरडी मसूर डाळही. इराने फोन उचलला. "काकू, ही एट!"

"रंग?"

"यलो. सॉर्ट ऑफ."

"सॉर्ट ऑफ चालणार नाही. उद्या परत सांग."

मागच्या ऑगस्टमध्ये काका-काकू निखिलजवळ राहायला बॉथेलला गेले. "इथे थंडी असते, पाऊस असतो. बंड्याला तिथेच कुणाला तरी देऊन टाक ना," असं निखिलने सुचवून पाहिलं होतं. "एकदा टाकलास तेवढं पुरे," काकू म्हणाल्या. निखिल गाडी घेऊन न्यायला आला. निघायच्या वेळी बंड्याला प्रवासाच्या डब्यात ठेवायचं होतं आणि हातमोजे सामानाच्या ट्रकमधून पुढे गेले होते. निरोप द्यायला आलेली इरा पुढे झाली. काकूंनी तिला थांबवलं, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी बंड्याला उचललं.

"अगं बाई," त्या डोळे उघडून म्हणाल्या, "गरम आहे गं हा!"

डब्यात ठेवायला त्यांनी जरा वेळच लावला.

वाटेत चार दिवस बंड्यासाठी गाडीचा एसी बंद होता. एका पेट्रोल पंपावरचा फोटो आला: निखिल घामाने निथळलेला, बंड्या उबेने पिवळ्याचा केशरी झालेला.

काकूंचा फोन दर रविवारी येतो. इरा घरात सगळ्यांना इंग्रजीत उत्तर देते. अपवाद हा फोन.

"रंग कोणता?"

"पिवळा, काकू. बंड्याचा?"

"पिवळा. बाहेर बॉथेल आहे गं. आत नागपूर."