हलक्या पायाच्या ताई

ताईंच्या गाडीत शिकायला बसलेला माणूस अर्ध्या तासात आपल्या धंद्यातली निम्मी गुपितं सांगून मोकळा व्हायचा. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर आणि शेजारी ताई. अशा अवस्थेत भल्याभल्यांना खोटं सुचत नाही. "दातांचं एवढं शिकलात, मग सांगा, अक्कलदाढ दिलीच कशाला देवानं, काढायचीच होती तर?" असं ताई दातांच्या डॉक्टरला विचारायच्या आणि डॉक्टर उत्तर शोधता शोधता अवघड वळण सुरेख घेऊन जायचा. शिंप्याला विचारायच्या, कमरेचं माप सांगताना जास्त खोटं कोण बोलतं, बाया की बाप्ये? शिंपी हसायचा आणि न घाबरता दुसरा गिअर टाकायचा.

भोचकपणा होताच, तो ताईही नाकारत नसत. पण ती त्यांची शिकवायची रीतही होती. बोलत्या माणसाचे खांदे सैल पडतात आणि खांदे सैल पडले की गाडी निम्मी आपोआप चालते, असं त्यांचं म्हणणं होतं. शिकणारे कोण कुठले, वयानं मोठेसुद्धा, पण सगळ्यांच्या त्या ताईच.

त्यांची खरी ख्याती मात्र पायाची. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. बाकीचे मास्तर तो असा दाबत की शिकणाऱ्याचं कपाळ काचेला टेकावं, आणि वर चारचौघांत ओरडत. ताईंचा ब्रेक कळायचाच नाही. सायकल आडवी आली, ताई अक्कलदाढेबद्दल विचारतायत, गाडी अलगद मंदावली, सायकल निघून गेली. शिकणाऱ्याला वाटायचं, वा, जमलं की आपल्याला! घरी जाऊन तो बायकोला सांगायचा, बायको शेजारणीला. ताईंकडे नाव नोंदवायला माणसं थांबून राहायची.

आता एवढ्या नावाजलेल्या ताईंची माणसं परीक्षेत सारखी नापास का होत होती, हा प्रश्न कोणालाही पडायला हवा होता. परीक्षा परिवहन कार्यालयाच्या गाडीत असायची. शेजारी निरीक्षक बसायचा, तोंडात मूग आणि पाय स्वतःजवळ. ताईंचे शिष्य पडल्या चेहऱ्यानं परत यायचे. "परीक्षेला घाबरलात, दुसरं काय," ताई म्हणायच्या आणि चार धडे फुकट द्यायच्या. जगाला प्रश्न विचारणाऱ्या बाईनं हा एक प्रश्न मात्र कधी उकरला नाही.

अशीच एकदा नापास झालेली एक शिष्या म्हणजे विद्यापीठातल्या प्राध्यापकबाई. निवृत्तीला आलेल्या, जाड भिंगांच्या. जन्मभर त्यांची नेआण करणारी धाकटी बहीण मुलाकडे दूरगावी राहायला गेली आणि बाईंना या वयात गाडी शिकणं भाग पडलं. दर वर्षी पदवीदानाच्या दिवशी मुलांना चार शब्द सांगायचं काम त्यांच्याकडेच असे. विषयही ठरलेला, बदलाला घाबरू नका, उद्याचं काही सांगता येत नाही त्याची मजा घ्या वगैरे. यंदाच्या भाषणाची तालीम त्या ताईंच्या गाडीत करत होत्या. ताईही कान देऊन ऐकायच्या, कारण यंदा त्यांची लेकही त्या मुलांत बसणार होती. भूगोल घेऊन ती पदवीधर झाली होती.

तेवढ्यात कार्यालयाचा नवा नियम आला. यापुढे परीक्षा शिकवायच्या गाडीतच, शेजारी मास्तर, मागं निरीक्षक, आणि शेजारच्या ब्रेकला बझर हवा. पाय कोणाचा पडला ते निरीक्षकाला कळलं पाहिजे. मिस्त्रीनं तार जोडली, एकदा दाबून दाखवलं, पैसे घेतले. ताईंनी फार विचार केला नाही. आपण ब्रेक दाबतो असं किती वेळा!

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापकबाई गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागल्या आणि भाषण सुरू झालं.

"मित्रहो, बदल हा काही पाहुणा नव्हे—"

पीं.

"—तो आपल्या घरातलाच एक आहे. त्याला भिऊन—"

पीं.

"—भिऊन दार लावून घेणारा माणूस स्वतःच—"

पीं... पीं.

चौक येईपर्यंत भाषणापेक्षा बझरच जास्त बोलला. बाईंनी गाडी कडेला घेतली, म्हणजे त्यांना वाटलं त्यांनी घेतली, तेव्हाही तो वाजलाच.

"ताई, हे काय वाजतंय?"

"बझर."

"कशाचा?"

त्या गाडीत खोटं सुचत नाही हे आधी सांगितलंच आहे. "माझ्या पायाचा," ताई म्हणाल्या.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे मघाशी तो हातगाडीवाला मध्ये आला, तेव्हा थांबवली ती मी नव्हे?"

"मी."

"आणि काल सिग्नलला थांबलो ते?"

"ते निम्मं तुम्ही," ताई मेल्याहून मेल्यासारख्या होऊन म्हणाल्या.

दुसरी कोणी असती तर पैसे परत मागितले असते. पण बाईंची जातही ताईंचीच, आधी कुतूहल आणि मग राग. "कधीपासून दाबताय?" "पहिल्या दिवसापासून." "सगळ्यांसाठी?" "सगळ्यांसाठी." "आणि मग ते परीक्षेत..." इतकी वर्षं प्रश्न विचारले होते, आज पहिल्यांदा उत्तरं द्यायची पाळी आली होती. सगळे पडलेले चेहरे त्यांना एकदम आठवले आणि फार वाईट वाटलं.

बाई मात्र हसायलाच लागल्या. "अहो, मी इथं बसून पोरांना सांगतेय, घाबरू नका, उड्या घ्या, आणि माझा ब्रेक तुमच्या पायाखाली! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! चला, पाय वर घ्या."

"काय?"

"पाय वर घ्या. मांडी घालून बसा. बघू तरी काय होतंय."

घाऊक बाजाराला त्या दिवशी सुट्टी होती. बाजारामागचं पटांगण मोकळं, एका कडेला रिकाम्या खोक्यांची चळत. तिथं जाऊन ताईंनी चपला काढल्या, सीटवर मांडी घातली आणि एक हात हँडब्रेकवर ठेवला. पूजेला बसल्यासारख्या दिसत होत्या. गाडी एक आचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा आचका. तिसऱ्यांदा निघाली ती थेट खोक्यांकडे. ताईंचे पाय मांडीतल्या मांडीत असे वळवळले की त्यांना ते हातानं धरून ठेवावे लागले. हँडब्रेक ओढावा की नाही, या विचारातच गाडी थांबली. जरा उशिरा थांबली. वरचं एक खोकं घरंगळत येऊन बॉनेटवर बसलं.

"हे मी थांबवलं?" बाईंनी विचारलं.

"पूर्ण तुम्ही. खोक्यासकट."

मग बाई काही ऐकेचनात. पटांगणात गोल गोल फिरल्या, थांबल्या, निघाल्या, उलट्या आल्या. आता कुठंच काही वाजत नव्हतं. ताईंच्या पायाला मुंग्या आल्या तरी त्यांनी तो खाली सोडला नाही. बाई घाबरलेल्या होत्या, हे त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांवरून दिसत होतं, आणि खूश होत्या हेही दिसत होतं. या दोन गोष्टी एका चेहऱ्यावर एकदम ताईंनी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांचे शिष्य खूशच असायचे नुसते.

दमून थांबल्यावर बाईंनी सहज विचारलं, "तुमची लेक आमच्याकडचीच ना? पुढं काय करायचं म्हणतेय?"

"इथल्याच विमा कार्यालयात लागतेय. घरापासून चालत जाता येतं. अजून कळवायचंय त्यांना, पण ठरल्यातच जमा."

"तिला तेच करायचं होतं?"

दातवाल्याला, शिंप्याला, साऱ्या गावाला विचारून झालं होतं, घरातल्या पोरीला नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. तिनं एकदा जेवताना सांगितलं होतं, समुद्राचा तळ मोजणारं एक जहाज आहे, तिथंही अर्ज केलाय, तिथूनही होकार आलाय. एक वर्षाचं काम, पुढचं काही सांगता येत नाही. ताईंनी "बघू" म्हणून तिच्या पानात आणखी भाजी वाढली होती.

आणि त्यांनी आणखी एक केलं होतं, जे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. विमा कार्यालयाचे साहेब त्यांचे जुने शिष्य. पोरीच्या मुलाखतीआधी ताईंनी त्यांना एक फोन केला. फार काही बोलल्या नाहीत, एक शब्द टाकला इतकंच. साहेब म्हणाले, "ताई, झालं असं समजा." मुलाखतीनंतर पोर नाचत घरी आली. एवढ्या जणांतून आपल्यालाच घेतलं, त्यांना आपल्यात काहीतरी दिसलं, असं म्हणत राहिली, आणि तेव्हापासून जहाजाचं नाव हळूहळू मागं पडलं.

संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात लेकीसमोर बसल्या. ती शेंगा सोलत होती. नवरा पलीकडे रेडिओचा सेल बदलत होता. तो पाणीपुरवठ्यात मीटर वाचायचा आणि एरवी आकड्यांपलीकडे फारसं बोलायचा नाही.

"समुद्राचा तळ मोजतात कसा गं?"

लेकीनं मान वर केली. आईनं चेष्टा मांडलीय का, हे तिनं आधी पाहून घेतलं. मग सांगू लागली. जहाजातून खाली आवाज सोडतात, तो तळावर आपटून परत येतो, किती वेळानं आला त्यावरून खोली कळते. असं जात जात नकाशा तयार होतो. बोलता बोलता शेंगा बाजूला राहिल्या, ताटात बोटानं डोंगर-दऱ्या निघाल्या.

"म्हणजे खाली काय आहे ते आधी माहीतच नसतं?"

"माहीत असतं तर कशाला जायचं, आई?"

तिचा तो चेहरा पाहून ताईंना वाटलं, आता फोनचं सांगायलाच नको, आपोआप जाईल जहाजावर. पण हेही पुन्हा हलक्या पायानंच झालं असतं. त्यांनी सांगून टाकलं. फोन केला, साहेब काय म्हणाले, सगळं.

लेकीनं ताटातलं बोट मागं घेतलं. मग म्हणाली, "मी दोन दिवस आरशासमोर उभी राहून उत्तरं पाठ केली होती गं." आवाज चढवला नाही. शेंगांचं ताट उचललं, ओट्यावर ठेवलं आणि आत निघून गेली. तिनं आदळआपट केली असती तर ताईंना बरं वाटलं असतं.

"सांगितलंस कशाला?" नवरा म्हणाला. "न सांगता चाललं असतं."

"चाललं असतं. तेच तर वाईट आहे ना," ताई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

पदवीदानापर्यंत लेक कामापुरतंच बोलली. हो, नको, आहे, संपलंय. कुठं कळवलं, काय कळवलं, हे ताईंनी विचारलं नाही. विचारायची इच्छा इतकी होती की जीभ चावून ठेवावी लागत होती.

त्या दिवशी सभागृहात ताई आणि त्यांचा नवरा मागच्या रांगेत बसले. प्राध्यापकबाई उभ्या राहिल्या. कागद हातात होता, पण त्यांनी तो उघडला नाही.

"दर वर्षी मी तुम्हाला सांगते, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. यंदा मी उंटावरून उतरलेय. मी गाडी शिकतेय आणि रोज सकाळी मला भीती वाटते. तेव्हा घाबरा खुशाल. फक्त एवढं बघा, की आपली गाडी आपण थांबवतोय की दुसरं कोणी. दुसरं कोणी थांबवत असेल तर त्याच्यावर रागावू नका, बहुतेक वेळा त्याचं आपल्यावर प्रेमच असतं. पण त्याला सांगा, पाय वर घ्या."

मुलांनी टाळ्या वाजवल्या, बहुतेकांना काही कळलं नाही. पुढच्या रांगांतून एकच मान मागं वळली, लेकीची. ताईंनी खाली बघितलं.

कार्यक्रम संपला. नवरा ओळखीच्या कोणाशी तरी बोलत मागं राहिला. मायलेकी आवारातून गाडीकडे निघाल्या, मध्ये हातभर अंतर ठेवून. पायऱ्यांपाशी लेक थांबली.

"आई, खरं सांग. जहाजवाल्यांनाही फोन केला होतास?"

"नाही गं."

"ओळखीतून कोणाकरवी? घेऊ नका म्हणून, किंवा घ्या म्हणून?"

"तिथं माझ्या ओळखीचं कोणीच नाही," ताई म्हणाल्या. त्यांना भीती वाटत होती आणि ती त्यांनी लपवली नाही. "तिथलं मला काहीच माहीत नाही. माणसं कशी आहेत, जेवायला काय देतात, वादळ आलं तर काय करतात, काही काही माहीत नाही."

लेकीनं एक मोठा श्वास घेतला. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं.

"म्हणजे ते माझं आहे," ती म्हणाली.