दोरी फेकणाऱ्याचा डावा पाय

सकाळपासून धुकं इतकं दाट, की धक्का दिसायच्या आधी धक्क्यावरच्या माणसाचा खोकला ऐकू यायचा. फेरीबोटीच्या टोकाशी खलाशी दोरी घेऊन उभा होता. दोरीच्या टोकाला मुठीएवढी गाठ. ती धक्क्यावर पडली की तिथला माणूस ओढणार, मागोमाग जाड दोर जाणार, मग बोट बांधली जाणार. लग्नाआधीपासून त्याचं हेच काम. कुठल्याही काठाला पहिला पोचणारा तोच.

त्यानं डोक्यावरून हात फिरवून दोरी फेकली. गाठ डुबुककन पाण्यात.

"मासे बांधतोस काय रे?" धक्क्यावरून आवाज आला.

दुसऱ्यांदाही पाण्यातच. सुकाणूवरून तांडेल ओरडला, "खांदा गेला तुझा. उद्यापासून खाली इंजिनाशी बस. दोरी दुसरा कोणी फेकेल."

खलाशी खांदा चोळत राहिला. रोज तेल लावूनही दुखणं हटत नव्हतं.

बहिणीकडे निघालेली त्याची बायको मागच्या बाकावरून उठून आली. "खांद्याला काय धाड भरलीय? परवा कपड्यांची दोरी त्या उंच फांदीवरून कोणी टाकली? एका फटक्यात!"

"ते घरचं अंगण."

"तेच म्हणते. तिथं डावा पाय हा एवढा पुढं टाकलात. इथं दोन्ही पाय खिळे मारल्यासारखे. नुसता हात झटकताय."

त्यानं खाली पाहिलं. मागं एकदा इथंच ओल्या फळीवरून तो घसरला होता, थेट कठड्यावर आपटला होता. तेव्हापासून डावा पाय पुढं जायला राजीच नव्हता. पाय रोवला की कंबर वळते, कंबरेमागून छाती, मग खांदा. हात सगळ्यांत शेवटी, आसुडाच्या शेपटासारखा. इथं बाकीचे सगळे बसून खाणारे, कमावता एकटा खांदा. तो कुरकुरणारच.

बायकोनं कोपऱ्यातलं गोणपाट ओढून फळीवर पसरलं. "टाका पाय. पडलात तर हसेन, एवढंच."

"वहिनी, तुम्हालाच ठेवतो कामावर," तांडेल म्हणाला.

"आधी तुमचं सुकाणू बघा, भावजी!"

त्यानं डावा पाय उचलून पुढं टाकला. टाच गोणपाटावर रुतली. मग अंग आपोआप वळलं, आणि गाठ धक्क्यावरच्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे पडली.

"अरे, मला बांधतोस की बोट?"

 तांडेल म्हणाला, "इंजिनाशी दुसरा बसवतो. ते गोणपाट खिळ्यांनी ठोकून घे."

माणसं उतरली. बायको मागं न बघता धुक्यात गेली. खलाशी खाली बसून ओली दोरी वेटोळी करू लागला.