होळीपर्यंतची राखण

आमच्या गावात भात झोडून झालं की गुरं मोकळी सुटायची आणि त्यांच्या मागोमाग माणसंही. गुरं शिवारात, माणसं वीटभट्टीवर, भिवंडीकडच्या गोदामांत, नाहीतर आसनगावजवळच्या कारखान्यांच्या दारात. शेणव्याच्याही पुढे, डोंगराला पाठ टेकून बसलेलं गाव आमचं. त्याच्या मागे सगळं जंगल. नव्वदीच्या सुरुवातीला मी तिथे सून म्हणून आले, तेव्हा दिवाळीनंतरचं गाव बघून मला धडकीच भरली. म्हातारी माणसं, लहान पोरं आणि मनाला येईल तिकडे हिंडणारी गुरं. बाकी गावात चिटपाखरू नाही.

माझं माहेर धसईजवळचं. तिथे भात निघालं की लगेच भेंडी, काकडी लावायची आणि भरल्या पाटीने बाजार गाठायचा, हे मी परकरात असल्यापासून बघत आले होते. सासरी तर शेताच्या कडेने ओहोळ वाहत होता, चांगला माघापर्यंत. एवढं पाणी डोळ्यांदेखत खाली जायचं आणि माझा जीव तळमळायचा.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्याचं गोदामात काम ठरलं. कल्याणला चाळीत खोलीही बघून झाली. त्याने पत्र्याची पेटी भरून माळ्यावर ठेवली. मला जायचं नव्हतं. त्याला तरी कुठे जायचं होतं? पण गावात राहून आठ महिने करायचं काय, याला त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळ होतं. मी म्हटलं, “मला एक हिवाळा दे.”

तो म्हणाला, “संक्रांतीपर्यंत थांबतो. तुजी भेंडी बाजारात गेली तर मी हितंच. नाय गेली तर तूपन पेटी भर.”

हळव्या भाताचा एक तुकडा लवकर मोकळा झाला होता. ओहोळात दगडमातीचा बांध घातला, त्या तुकड्यात भेंडी टोकली आणि भोवती करवंदीच्या काट्यांची वई घातली. वई म्हणजे आमच्याकडचं कुंपण. रोपं घोट्याएवढी झाली आणि गावातली शेवटची झोडणी संपली. आता गुरं सुटणार होती.

रीत अशी होती. पावसाळ्यात घरटी एकेक दिवस गुरं राखायची, सगळ्या गावाची एकत्र, डोंगरावर नेऊन. त्या दिवसांत कुणाचं जनावर कुणाच्या शेतात घुसलं, तर मालकाने स्वतःच्या हाताने वई नीट करून द्यायची. भात घरात आलं की राखण बंद आणि वईचा नियमही बंद. मग शेतात काही हिरवं राहिलं आणि गुरांनी खाल्लं, तर चूक लावणाऱ्याची. या रितीचे सगळ्यांत मोठे राखणदार माझे सासरे. गोठाही सगळ्यांत मोठा त्यांचाच आणि त्या गोठ्यात एक तांबडा बैल, ज्याला वई म्हणजे काय हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

गुरं सोडायचं ठरवायला मारुतीच्या देवळापुढे माणसं जमली. बायका कडेला उभ्या होत्या. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि बोलले, “मामा, राखण होळीपर्यंत चालू ठेवा.”

सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, “माणसं कामाला जातात गो. गुरं राखनार कोन?”

“ज्याला जमनार नाय, त्याची राखण मी करीन.”

यावर असा हशा उठला की देवळातली कबुतरं उडाली. गुराखीण! कालची सून गावाची गुरं राखणार! एकाने हसत हसत आपला दिवस मला देऊन टाकला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. सासऱ्यांनीही. चार दिवसांत हौस फिटेल, असं त्यांना वाटलं. राग तर मला इतका आला होता की कान तापले. पण गावाने हसत हसत का होईना, हो म्हटलं होतं.

मग मी रोज सकाळी गुरं घेऊन डोंगरावर जायची आणि नवरा भेंडीला पाणी घालायचा. कमरेला विळा, फडक्यात नाचणीची भाकरी, पायात नवऱ्याच्या जुन्या चपला. ऐनाच्या आणि कुड्याच्या झाडांमधून हिंडताना मला एकेक जनावराचा स्वभाव कळला. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, “काय गो, आज गुरांनी काय सांगितलं?” मी म्हणायची, “तुमच्या गाईने सांगितलं, मालकीण लय बोलते.” आठवड्याभरात थट्टा आपोआप कमी झाली.

भेंडीला पिवळी फुलं लागली आणि नेमकं त्याच आठवड्यात तांबड्याने डाव साधला. दुपारी पाण्यावरून तो निसटला तो थेट वई मोडून आत. मी धावत पोचेपर्यंत दोन ओळी फस्त झाल्या होत्या. नवरा कपाळाला हात लावून बांधावर बसला होता. म्हणाला, “जाऊ दे. बाबांना काय बोलनार?”

मी बोलणार होते. तांबड्याला दावं लावलं आणि गोठ्यात न नेता देवळापुढच्या पिंपळाला बांधलं. चुकार जनावर आमच्याकडे तिथेच बांधतात, मालकाने सगळ्यांसमोर येऊन सोडवून न्यावं म्हणून. सुनेने सासऱ्याचा बैल पिंपळाला बांधला ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. सासरे आले तेव्हा अर्धा गाव तिथे उभा होता.

“आता कसला नियम?” ते म्हणाले. “भात तर कवाच घरात गेलं.”

मी दाव्याच्या गाठीवर हात ठेवला. “मामा, राखण बंद झाली तर वईचा नियम बंद. राखण तर चालू हाय. तुमी सगळ्यांनीच तर दिली मला.”

कुणीच हसलं नाही. थट्टेत राखण देऊन टाकताना आपण गावाचा पावसाळा होळीपर्यंत लांबवलाय, हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. सासऱ्यांच्या तर नाहीच. त्यांनी बैल सोडला, घरी नेला. मला वाटलं, आता आपली पेटी भरायची.

तासाभराने ते शेतावर आले. डोक्यावर काट्यांचा भारा होता. कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत एकेक काटा दाबून त्यांनी वई घातली. काम झाल्यावरही ते बांधावर बसून राहिले, पाटाचं पाणी वळवणाऱ्या आपल्या मुलाकडे बघत. पाणी वळवता वळवता नवरा चक्क शीळ घालत होता. ती मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली. जाताना सासरे एवढंच बोलले, “वरच्या आंगाला पानी कमी पडतंय.”

संक्रांत तोंडावर आली आणि भेंडी तोडायला आली. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट लुगड्यावर चढवून मी तोडणी केली, तरी हातांची खाज काही जाईना. पण सकाळी बाजारात जायचं कसं? राखण माझी होती. नवऱ्याला भाव करता येत नाही. तो समोरचा सांगेल तो दर ऐकून मान हलवतो. आणि दोन पाट्या मला एकटीला झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणजे त्याला राखणीला ठेवूनही भागणार नव्हतं. भेंडी एक दिवस ठेवली तर मऊ पडणार. आणि मी एक दिवस राखण चुकवली, तर वईही गेली आणि नियमही गेला.

पहाटे काठी घेऊन मी गुरं जमायच्या माळावर गेले. मी अगदी रडकुंडीला आले होते. गुरं आधीच जमली होती. त्यांच्या पुढे घोंगडी पांघरून सासरे उभे होते.

“तू हितं काय करतंस?” ते खेकसले. “यश्टी चुकंल ना! जा बाजारात. आज राखण माझी.”

मी तिथेच त्यांच्या पाया पडले. मग पाटी डोक्यावर घेऊन अशी पळाले की नवरा दुसरी पाटी घेऊन मागे राहिला. शहापूरच्या बाजारात आमची भेंडी उन्हं तापायच्या आत संपली. परतताना एसटीच्या खिडकीशी बसून मी सगळा रस्ता हसत होते. कंडक्टरला वाटलं असेल, बाई वेडी आहे.

त्या संध्याकाळी नवऱ्याने स्वतःच माळ्यावरची पेटी काढली आणि कपडे परत दांडीवर टाकले.

पुढच्या वर्षी झोडणी संपल्यावर माणसं पुन्हा देवळापुढे जमली. तोवर आणखी काही घरांनी भेंडी टोकली होती. दोन हजारनंतर तर ओहोळाच्या दोन्ही काठांना भर माघात हिरवंगार दिसायचं आणि सकाळच्या एसटीत माणसांपेक्षा पाट्या जास्त असायच्या. पण मला आठवते ती भेंडीच्या दुसऱ्या वर्षीची बैठक. कुणीतरी सवयीने विचारलं, “मग गुरं कवा सोडायची?” सगळ्यांनी सासऱ्यांकडे बघितलं.

“होळीला,” ते म्हणाले. “आनि पयली राखण माझी. सूनबायला शेतात काम हाय.”

मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. पदर तोंडाला न लावता, सगळ्यांसमोर हसले.