मेलबर्नच्या मापाने

नागपूर ते मेलबर्न हवाई अंतर साधारण साडेनऊ हजार किलोमीटर आहे. मला या माहितीचा काडीचा उपयोग नाही. ती मला शिक्षण विभागाच्या कार्यालयातल्या बाबूंनी दिली, तीही तीनदा, कारण त्यांची मुलगी तिथे असते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवराही शिक्षक, पण उमरखेड तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. सहा वर्षं आम्ही दोन बिऱ्हाडं चालवत होतो. संसार फक्त रविवारी. दोघांच्या शाळांत तीस किलोमीटरहून जास्त अंतर असेल, तर पती-पत्नींना जवळ आणायचा नियम आहे. आमचं अंतर शेहेचाळीस. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत होती, आणि गुरुवारी बाबूंनी अर्जावर शेरा मारला : बावीस किलोमीटर, नियमात बसत नाही.

मी जाऊन विचारलं, तर त्यांनी मोबाइल माझ्याकडे वळवला. मुलीचं अंतर ज्या साइटवर पाहिलं होतं, तिथेच त्यांनी आमची दोन गावं टाकली होती. जंगलावरून, नदीवरून एक सरळ रेघ गेली होती. खाली लिहिलं होतं, विमानाने अंदाजे दोन मिनिटं.

"विमानतळ कोणाच्या गावी आहे, माझ्या की त्यांच्या?"

"कायले तापता, मॅडम? मशीन खोटं बोलते का?"

"मशीन खरंच बोलतं. पण त्याला काय विचारायचं, ते तुम्हाला कळत नाही."

"मेलबर्नचं तं बरोबर निघालं," ते म्हणाले. हा त्यांचा पुरावा. ज्या मापाने समुद्र ओलांडता येतो, त्याने नदी का ओलांडता येऊ नये? पूल नसला तरी.

अशा माणसाशी वाद घालण्यात मी दुपार घालवत नाही. बसस्टँडवर गेले. तिथल्या नियंत्रकांकडे आमच्या दोन्ही गावांच्या बसमार्गांचे किलोमीटर लिहिलेले होते; बेरीज शेहेचाळीस. ते कागदावर उतरवून घेतले, शिक्का मारून घेतला आणि पाचच्या आत परत आले. या वेळी बाबूंचं टेबल ओलांडून सरळ साहेबांकडे.

साहेबांनी कागद वाचला. मग अर्जाला जोडलेली प्रिंट पाहिली. बाबूंनी ती दोन मिनिटांसकट जोडली होती.

"काहो, इथून विमान किती वाजता सुटते?" साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं.

साहेबांनी शेरा खोडला आणि सही केली. बाहेर आल्यावर बाबू माझ्यावरच उखडले, "हा कागद आधी काहून नाही आणला, मॅडम? आमचा टाइम खराब केला."

उन्हाळ्यात बदलीचा आदेश आला. मी सामान घेऊन नवऱ्याच्या गावी गेले. दोन गॅस, दोन कुकर, दोन मिसळणाचे डबे एका ओट्यावर मावेनात, म्हणून पहिल्याच दिवशी भांडण झालं. त्याचा कुकर कडेने वाफ सोडत होता. माझा ठेवला.