गाईच्या पोटातली तार

पणदऱ्याच्या शिवारात आमची वस्ती. घर चालायचं डेअरीला जाणाऱ्या दुधावर, म्हणजे एका जर्सी गाईवर. नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. गाईनं वैरण खायची सोडली, दूध निम्म्यावर आलं. मालक म्हणाले, "हेड्याला सांगावा धाडलाय. बाजाराच्या दिवशी घिऊन जाईल." हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. अशी खंगलेली गाय तो कुठं पोचवतो ते आम्हाला ठाऊक होतं.

माझा संशय जावेवर होता. भिंतीला भिंत लागून तिचं घर. आमची गाय आटत चालली तशी तिची म्हैस जास्तच दूध द्यायला लागली. त्यात एकदा ती आमच्या गव्हाणीपाशी उभी राहून गाईकडं टक लावून बघताना दिसली.

"काय गं, काय बघतीस?"

"तुझी गाय पुढचं पाय शेणाच्या ढिगावर ठिवून उभी ऱ्हाती. कवापास्नं?"

"तुला गं काय करायचंय? तुझी म्हस बघ."

"बरं बाई, न्हाय बघत," म्हणून ती गेली. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना तेवढंच पाहिजे होतं. दर शनिवारी त्या गोठ्याच्या आढ्याला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा टांगायच्या. घर बांधताना सळ्या बांधायची तार उरली होती, तीत ओवून. त्या शनिवारपासून एकाच्या जागी दोन टांगायला लागल्या.

गुरांचा डॉक्टर बारामतीहून फटफटीवर आला. आल्या आल्या हात लावायचा सोडून लांब उभा राहून नुसता गाईकडं बघत बसला. मला वाटलं, याला काही येत नाही.

मग त्यानं विचारलं, "मावशी, ही नेहमी पुढचे पाय उंचावर ठेवूनच उभी राहते का?"

मी भिंतीकडं बघितलं. पलीकडं जावेची भांडी वाजायची थांबली होती.

"ऱ्हाती," मी म्हणाले. "तुमाला कुनी सांगितलं?"

"गाईनंच सांगितलं की. पुढचं अंग खाली गेलं की तिला दुखतं." त्यानं तिच्या खांद्यामागं चिमटा घेतला. चांगलं जनावर पाठ खाली दाबतं. ही दगडासारखी ताठ राहिली आणि कण्हली. "पोटात काहीतरी टोचतंय. कापून काढावं लागेल."

सासूबाई म्हणाल्या, "उभ्या गाईला कापनार? त्यापरास हेडी बरा."

मला तरी कुठं पटत होतं? पण हेड्याच्या हातून ती मरणारच होती. मालकांना म्हटलं, "मरायची असंल तर दावणीला मरू द्या."

दुसऱ्या दिवशी त्यानं डाव्या कुशीत भूल दिली, कूस उघडली आणि कोपराच्या वर हात आत घातला. बराच वेळ चाचपत होता. हात बाहेर आला तेव्हा बोटांत काळी तार होती, एका टोकाला आकडा वळवलेला. आकड्यात बिब्ब्याचं अर्धं टरफल अजून अडकलेलं.

दर शनिवारी उतरवलेलं जुनं लिंबू कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून सासूबाई ते तारेसकट गव्हाणीवरच्या कडब्यात खोचून ठेवायच्या. कडबा खाली ओढला की तेही वैरणीत पडायचं.

सासूबाईंनी तार निरखून बघितली. "बघा," त्या म्हणाल्या, "केवढी नजर आसंल, माझीच तार हिच्या पोटात घातली."

डॉक्टर टाके घालता घालता हसला. मला हसू आलं नाही.

बाजाराच्या दिवशी हेडी आला आणि गाईच्या पाठीवर हात ठेवायला लागला. "हात लावू नगासा," मी म्हणाले, "टाकं हायती." तो गेला. महिना लागला, पण गाय वैरणीवर आली.

सासूबाई पुढं सुती दोऱ्यात लिंबू ओवायला लागल्या. उतरवलेलं मी स्वतः ओढ्यात टाकून यायची, त्यांच्यावर सोडायची नाही.

जाऊ पुन्हा एकदा गव्हाणीपाशी आली. गाईकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाली, "आता बघू का?"

"बघ," मी म्हणाले, आणि ती जाईपर्यंत तिथंच उभी राहिले.