अक्का आणि जांभळे जंतू

अक्का आत कोसळली तेव्हा दाराबाहेर दोन शिकलेली माणसं उभी होती. दाराला आतून कडी नव्हती, नुसतं ढकललं असतं तरी उघडलं असतं. पण कुणी ढकललं नाही.

मला हे चष्मेवालीनं सांगितलं. चष्मेवाली म्हणजे तिथे शिकायला असलेली मुलगी. दुसरे साहेब. त्यांच्या प्रयोगशाळेत माझी मोठी बहीण कामाला होती. बाटल्या धुवायची, जंतू वाढवायची आणि काळ्या खोलीत बसून मशिनीत नमुने लावायची. बाहेर लाल दिवा लागला की दार उघडायचं नाही असा तिथला नियम.

तर दिवा लागलेला होता. आत काहीतरी फुटलं. चष्मेवालीनं विचारलं, "अक्का, काय झालं?"

"काही नाही गं, हातातून निसटलं. दार उघडू नकोस, उजेड शिरेल."

चष्मेवाली म्हणते, आवाज तिचा वाटत नव्हता. तिनं साहेबांना बोलावलं. साहेबांनी दाराला कान लावला. "बाई, ठीक आहे ना?"

"हो साहेब."

"मग थांबू जरा. एवढं एक माप होऊ दे," असं म्हणाले आणि तिथंच उभे राहून फोन बघत बसले. चष्मेवाली पण शेजारी उभी राहिली. शेवटी आतून उत्तर येईना तेव्हा उघडलं. अक्का भिंतीला टेकून बसलेली, ओठ काळे पडलेले. अंगातला पांढरा डगला तिनं काढून बाटल्यांवर टाकला होता, चारही बाजूंनी नीट दाबून.

आता तुम्हीच सांगा, डगला कशाला टाकला असेल? त्यांनी दार उघडावं म्हणूनच ना? उजेड आला तरी बाटल्यांना लागू नये म्हणून. सगळी तयारी केली बिचारीनं, फक्त हाक मारायला दम उरला नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले हृदयाचं होतं, थोडं आधी आणायला हवं होतं. थोडं आधी म्हणे!

मला त्या जागेची पहिल्यापासून किळस होती. एकदा तिचा डबा द्यायला गेले होते. खिडकी नाही, दाराला काळं कापड, आत गेलं की तोंडात मिठाची चव आणि नाकात सडक्या मासळीचा वास. बेसिनच्या भोकात गुलाबी जांभळा शेंबूड अडकलेला. अक्का त्यात बोट घालून तो काढत होती आणि मला म्हणते, "ये, बस." कुठे बसू? मी डबा ठेवला आणि बाहेर येऊन ओकले.

घरी आली की तिचे कपडे मी काठीनं उचलून वेगळे भिजवायची. मिठाच्या पाण्यानं बोटांना चिरा पडलेल्या, त्यात तो रंग बसलेला. जेवताना मी म्हणायची, "अक्का, तो हात ताटाखाली धर." ती मुद्दाम माझ्या ताटातलं उचलायची. तरुण असताना तिला बघायला एक जण आला होता, तो रुमाल नाकाला लावूनच उठला. आई रडली. अक्का म्हणाली, "रडतेस काय, जावई गेला पण त्याचं नाक शाबूत आहे हे कळलं ना."

मी एकदा विचारलं, त्या घाणीत असं काय आहे गं? ती लसूण सोलत होती. म्हणाली, "हे जंतू खाऱ्या पाण्यातले. त्यांच्या कातडीत जांभळा रंग असतो. त्या रंगाच्या पोटात एक बारीक शेपटी असते. उजेड लागला की शेपटी वाकते, ती वाकली की सगळ्या अंगाला पीळ पडतो. त्या पिळानं आतलं काहीतरी बाहेर ढकललं जातं, त्याच्या जोरावर ते जगतात."

"म्हणजे ऊन खातात?"

"खातात म्हण. अंधारात त्यांचं अंग एका तऱ्हेनं बसतं, उजेडात दुसऱ्या. साहेबांना ते बसणं मोजायचंय. म्हणून आधी मिट्ट अंधार लागतो."

"ऊन खाऊन एवढा वास मारतात, भाकरी खाल्ली असती तर काय झालं असतं?"

हसून हसून तिच्या हातातला लसूण पडला. तिला ते जंतू आवडायचे, खोटं कशाला सांगू. मला नाही आवडले, आजही नाही.

मागे एकदा जीव घुसमटला म्हणून तिनं दार बोटभर उघडलं होतं. साहेब सगळ्यांसमोर ओरडले, "बाई, तुमच्या एका श्वासापायी आमची महिनाभराची मेहनत गेली!" त्या दिवशी अक्का जेवली नाही. नंतर तिनं ते दार कधी स्वतःहून उघडलं नाही.

अक्का गेल्यावर साहेब घरी आले. मऊ मऊ बोलत होते. मी चहा दिला. म्हणाले, "फार निष्ठेची बाई. आमच्या लेखाच्या शेवटी त्यांचे आभार छापणार आहोत."

मी म्हटलं, "साहेब, एक विचारू? दार उघडलं असतं आणि उजेड गेला असता तर ते जंतू मेले असते का?"

"छे छे, मरत नाहीत."

"मग त्यांचं अंग कायमचं बिघडलं असतं?"

साहेबांनी कप खाली ठेवला, परत उचलला. "तसं नाही. परत अंधारात ठेवलं की रात्रभरात पहिल्यासारखं बसतं. त्या दिवसाचं माप तेवढं वाया जातं."

"एका दिवसाचं?"

"हो."

"मग तिला महिना गेला म्हणालात ते?"

"अहो, रागात माणूस बोलून जातो."

बेसिनमधल्या त्या शेंबडाची आली नव्हती एवढी किळस मला त्या माणसाची आली. रात्रभरात सरळ होणाऱ्या गोष्टीसाठी माझी बहीण श्वास धरून बसली. तिला हे माहीत होतं की नव्हतं, ते मला कधीच कळणार नाही. असेल तर ती जंतूंसाठी थांबली नाही, या माणसाच्या तोंडाला घाबरली.

मी म्हटलं, "तिचं नाव छापू नका."

"का? मान आहे तो."

"नको. तुमच्या नावाखाली तिचं नाव बघायची मला शिसारी येते. निघा आता."

ते निघाले. जाताना सगळा चहा पिऊन गेले, हेही सांगते. कपाच्या काठाला त्यांच्या ओठांचा ओला डाग होता. धुवायला घेतला, नळाखाली धरला, पण बोट लावावंसं वाटेना. बाहेर नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला.

शेजारीण झाडत होती. म्हणाली, "अगं, फुटला का?"

"नाही."

"मग टाकतेस कशाला? चांगला आहे की. मी घेऊ?"

"घे."

तिनं तो काढला, कपड्याला पुसला आणि आत घेऊन गेली.