व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर

“इंग्लिश शाळेत घातलं, पण पोरीच्या तोंडून शब्द निघेल तर शपथ,” मामी आत स्वयंपाकघरात माझ्या आईला सांगत होती. मी बाहेर ओट्यावर होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. आई हसली. वाईट वाटलं असेल तिला, पण हसली.

सांडोरला मामाच्या त्या घरात मी कमी बोलायचे, याला कारण होतं. आम्ही बोळिंजला फ्लॅटमध्ये राहायचो. मामाकडे सगळे घरची बोली बोलायचे. मला ती कळायची, पण बोलता यायची नाही, आणि माझं मराठी ऐकून मामेबहिणी ‘बातम्या लागल्या’ म्हणायच्या. मग मी गप्प बसून बघत राहायचे. म्हणूनच की काय, तो ओटा मला अजून जसाच्या तसा आठवतो. लाल कोब्याला पडलेली चीर, चटईवर वाळत घातलेली राजेळी केळी, वाडीत पाटाने पाणी सोडलं की येणारा आवाज. केळी वाळून तपकिरी झाली की त्यांची सुकेळी व्हायची, आणि त्यांचा गोड, किंचित आंबूस वास आमच्या कपड्यांनाही लागायचा.

त्या हिवाळ्यात सुकेळी नेहमीपेक्षा जास्त घातली होती, कारण एक मोठा पुडा मामाला व्हिसा पाठवणाऱ्या मस्कतच्या अरबाला जायचा होता. मामा एसी आणि फ्रिज दुरुस्त करायचा. आधी वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये, मग पाच वर्षं मस्कतला नोकरीवर. करार संपल्यावर तो परत आला होता आणि आता त्याला तिथेच स्वतःचं दुकान काढायचं होतं. दुसऱ्याचे स्क्रू पिळून झाले, म्हणायचा. दुकानासाठी विहिरीमागचा वाडीचा तुकडा विकायचं ठरलं होतं. मी ओट्यावर बसले होते त्याच दिवशी संध्याकाळी गिऱ्हाईक बोलणी पक्की करायला येणार होतं. गेले दोन दिवस त्या तुकड्यातल्या केळींना मामी स्वतः पाणी सोडत होती.

माझ्याकडे काम होतं व्हिजिटिंग कार्डाचं. मामाने एका कोऱ्या कागदावर पट्टीने चौकोन आखून दिला होता.

“बाय, भारी इंग्लिश घाल. अरबाला वाटलं पाहिजे, शिकलेल्या घरातला माणूस आहे.”

मी ‘प्रोप्रायटर’ लिहिलं. तो शब्द त्याने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला, मग स्वतः हळूच म्हणून पाहिला. इतका खूश झालेला मामा मी त्याआधी पाहिला नव्हता.

नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे हवं, म्हणून त्याने कागदांची प्लास्टिकची पिशवी माझ्याकडे दिली. आत व्हिशाचा फॅक्स होता. फिकट, निम्मा अरबीत, निम्मा इंग्रजीत.

परक्या माणसाला तिथे स्वतःचा धंदा करायचा तर रीतसर रस्ता होता. मामानेच तो मला समजावून सांगितला होता. तिथला भागीदार घ्यायचा, दुकानाचा परवाना काढायचा आणि त्या दुकानाच्या नावावर आपला व्हिसा घ्यायचा. पण त्यात वर्ष जातं, म्हणून त्याने एजंटाकडून मिळेल तो व्हिसा घेतला होता. एजंट म्हणाला होता की व्हिसा म्हणजे आत शिरायचं तिकीट, एकदा आत गेलात की हवं ते काम करा. आमच्याकडचे कितीतरी जण तसेच गेले होते आणि कागदावर काय लिहिलंय हे कुणी विचारत नव्हतं.

मीही विचारलं नव्हतं. सकाळी मामाने हीच पिशवी पुढे करून “सगळं बरोबर ना?” म्हटलं, तेव्हा मी नुसतं नाव आणि पासपोर्टचा नंबर ताडून मान हलवली होती. तेवढ्यावर तो घरभर सांगत सुटला की भाचीने वाचलंय, आता काळजी नाही.

आता स्पेलिंग उतरवताना माझी नजर खालच्या ओळीवर गेली. कामाच्या रकान्यात ‘शेतमजूर’ लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात अटी होत्या. ज्याने बोलावलं त्याच्याकडेच काम करायचं, आणि हेच काम. दुसरं काही करताना सापडल्यास मायदेशी रवानगी, पुन्हा प्रवेश नाही.

मी ते पुन्हा वाचलं. तेवढ्यात फाटक वाजलं. गिऱ्हाईक आलं होतं, पांढऱ्या सफारीतला एक जाडसर गृहस्थ. मामाने घाईघाईने शर्ट बदलला, खुर्ची पुसून दिली. मामी चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. विहिरीच्या पाण्याचं कसं, वाट कुठून, अशी बोलणी सुरू झाली. मध्येच मामाने अभिमानाने माझ्याकडे हात केला. कागदपत्रं सगळी हिने तपासलीत, म्हणाला. सफारीवाल्याने कौतुकाने मान डोलावली.

वाक्य आधी इंग्रजीत सुचलं, मग शाळेतल्या मराठीत. त्यांच्या बोलीत काही ते जुळेना. मामाने वाडीचा उतारा पुढे सरकवला तेव्हा मी उठून उभी राहिले.

“मामा, वाडी विकू नकोस,” मी म्हणाले. “सकाळी मी नीट वाचलं नव्हतं. या कागदावर तू शेतमजूर आहेस. दुकान उघडलंस तर तुला परत पाठवतील आणि पुन्हा कधी तिकडे येऊ देणार नाहीत.”